सुटलेला तानपुरा : बडोद्याच्या पुरानंतर एका गाण्याच्या क्लासची नोंद

कारखान्यात काही अपघात झाला की आम्हाला अहवाल लिहावा लागे. काय झालं, कशामुळे झालं, काय वाचलं, काय गेलं. रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं काढल्यावर ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. म्हणून आमच्या गाण्याच्या बाईंच्या क्लासमधल्या वाद्यांचं २०२४ च्या पुरात जे झालं, त्याचाही अहवाल लिहायला घेतला. तो पुढे अहवालासारखा राहिला नाही, हे आधीच सांगतो.

२७ ऑगस्टच्या पहाटे विश्वामित्री नदीचं पाणी बाईंच्या ओट्याच्या दोन पायऱ्या चढलं, तेव्हा कुणी फारसं घाबरलं नाही. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हाही पाणी ओट्याला टेकून परत गेलं होतं. घरात एक समजूतच झाली होती, ‘आपल्याकडे येत नाही.’ या वेळी वर पावागडाकडे आणि इथे शहरात पाऊस थांबेना, आजवा धरणाचं पाणी नदीत येत होतं, आणि काळा घोडा पुलापाशी जी पातळी २५ फुटांना धोक्याची धरतात ती ३५ च्या वर गेली. दुपारपर्यंत क्लासच्या खोलीत छातीइतकं पाणी होतं. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. शेजारच्या गुजराती कुटुंबातल्या मुलानं त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. दुसऱ्या फेरीत त्यानं बाईंच्या चिजांच्या वह्या आणि हाताला लागला तो लहान, मुलींच्या पट्टीचा तानपुरा वर आणला. तिसरी फेरी झाली नाही. गल्लीत मगर दिसल्याची आरोळी आली. ती अफवा होती की खरं, कळलं नाही. पण त्या तीन दिवसांत वन खात्यानं वस्त्यांमधून चोवीस मगरी पकडल्या, तेव्हा तो पोरगा घाबरला यात त्याची चूक नाही.

खाली राहिलं ते असं: तीन तानपुरे, तबल्याच्या दोन जोड्या, दोन पेट्या, दोन इलेक्ट्रॉनिक तानपुरे आणि एक तबल्याचं यंत्र. पाणी उतरलं २९ ला. म्हणजे सगळं दोन दिवस पाण्यात होतं, आणि ते पाणी नुसतं नदीचं नव्हतं. त्यात गटार होतं, डिझेल होतं, कुणाच्या तरी किराणा दुकानाचा गूळ होता.

पहिली चूक माझी. मी रसायनवाला, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला काहीतरी चटकन करून दाखवायचं होतं. वीज नव्हती, पंखा नव्हता, दुपारी ऊन पडलं. मी मधला तानपुरा गच्चीवर उन्हात ठेवला. तासाभरात सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. भोपळ्याला बुडापासून वर वीतभर चीर गेली होती. भिजलेल्या भोपळ्याची बाहेरची साल आधी सुकते आणि आवळते, आतला भाग अजून फुगलेलाच असतो. मग कुठून तरी फाटणारच. लाकूड सुकवण्याच्या भट्टीबद्दल मी नोकरीत नव्या मुलांना हेच शिकवलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “तू बाकीच्यांना हात लावू नकोस आता.”

दुसरी चूक एका विद्यार्थिनीची. कोविडच्या काळातली सॅनिटायझरची बाटली तिनं आणली आणि मोठ्या तानपुऱ्याची दांडी पुसायला घेतली. बोळा तपकिरी झाला. जुन्या वाद्यांना लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी स्पिरिटच. इथे मात्र मी वेळेवर ओरडलो. त्यानंतर स्वच्छ पाण्यात पिळलेलं फडकं, सुती पंचे आणि सावली, एवढ्यावरच काम चाललं. वाद्यं खाटेच्या सुंभावर आडवी ठेवून दर काही तासांनी कूस बदलायची. जवळजवळ तीन आठवडे.

आता मुख्य गोष्ट, मोठा तानपुरा. बाईंच्या गुरूंनी १९६४ मध्ये मिरजेहून आणलेला. आम्ही तो उचलला तेव्हा तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवलेली लाकडी पाटी, एका हातात आली आणि भोपळा दुसऱ्या हातात. दांडी गळ्यापाशी निखळली होती. पंचावन्न-साठ वर्षं ज्याच्यावर ‘सा’ लावला तो तीन तुकड्यांत सतरंजीवर पडलेला पाहून दोन-तीन जणी रडल्या. मी मनात त्याच्यापुढे ‘गेला’ असं लिहून टाकलं.

संध्याकाळी नेटवर्क आल्यावर मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या ज्या चाचांकडे बाई दर काही वर्षांनी जवारी काढायला, म्हणजे तारांचा गुंजारव जमवून घ्यायला, वाद्य पाठवतात, त्यांनी तुकडे एकेक करून फिरवून दाखवायला सांगितले. तबलीची कड जवळून बघितली. मग म्हणाले, “सुटलाय ना? फुटला नाही ना? मग काय रडायचं, बाई. पाठवून द्या सुकल्यावर.”

सुटणं आणि फुटणं यातला फरक मला तेव्हा कळला. मिरजेत हे सांधे सरसानं जोडतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. गरम करून लावायचा, थंड झाला की पकडतो. त्याची पकड भक्कम असते, पण पाण्यात आणि उष्णतेत तो मऊ पडतो. गोंदाचा हा दोष म्हणून आमच्या धंद्यात त्याला केव्हाच रजा दिली गेली. तानपुऱ्यात तोच गुण ठरतो. तानपुरा आयुष्यात अनेकदा उघडावा लागतो: तबली दबते, भोपळ्याला तडा जातो, गळ्याचा कोन बदलतो. त्या वेळी ओलं फडकं आणि ऊब दिली की सांधा लाकूड न दुखावता सोडतो. पुरानं केलं ते एवढंच. कारागीर जे सावकाश, हातानं करतो ते नदीनं दोन दिवसांत, विचित्रपणे, पण जवळपास त्याच जागी केलं.

याचं उलटं उदाहरण तिथेच पडलेलं होतं. तिसरा तानपुरा. त्याची तबली २०११ च्या सुमारास उचलली होती, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी प्रेमानं, घरच्या घरी, दोन नळ्या मिसळून लावायच्या गोंदानं ती पक्की बसवून दिली होती. तो सांधा पुरातही हलला नाही. लाकूड फुगलं, त्याला सरकायला जागा हवी होती, सांधा जागा देईना, मग सांध्याच्या बाजूचं लाकूडच उभं चिरलं. चाचांनी कॉलवर तो फार वेळ पाहिला नाही. “हा सांधा उघडायचा म्हणजे करवत,” एवढंच म्हणाले. गोंद लाकडापेक्षा जास्त टिकला. मी आयुष्यभर ज्या गोष्टीला यश म्हणत आलो तीच ही.

तबल्यांचं थोडक्यात. कातडं आणि त्यावरची शाई गेली, ती जाणारच. दोन्ही डग्गे पितळेचे, घासून पुन्हा उभे राहिले. शिसवीची दोन्ही खोडं वाचली, एकाला हलकी चीर. पुड्या (वरची कातडी) नवीन, वाद्या (आवळायच्या पट्ट्या) नवीन, गट्टे (लाकडी ठोकळे) तेच. पेट्यांपैकी एकीचं शरीर सागवानी. तिचा भाता कुजला होता, पण सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पट्ट्या, पितळेचे असल्यामुळे साफ करून, घासून पुन्हा लावता आले. दुसरी पेटी प्लायवूडची. तिचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. तिचे सूर काढून ठेवले आणि बाकी फेकली.

इलेक्ट्रॉनिक यंत्रं तिन्ही बंद. बडोद्यात दुरुस्तीवाले पुष्कळ, पण आतल्या सर्किटच्या पट्टीवर चिखल आणि गंज चढल्यावर त्यांनी हात वर केले. तिन्ही यंत्रं ई-कचरा घेणाऱ्याकडे गेली. यावरून क्लासमध्ये जो वाद झाला तो लिहिण्यासारखा आहे. एक मुलगा, इंजिनीयरिंगला आहे, म्हणाला की तुम्ही उगाच जुन्या वाद्यांचं कौतुक करताय. माझ्या मोबाइलमधल्या ॲपला ना झाड लागतं ना भोपळा ना जनावराचं कातडं, आणि मोबाइल तर माझ्याकडे आहेच. त्याचं चुकीचं नव्हतं. घरी रोजचा रियाज करणाऱ्या प्रत्येकानं तुणाच्या लाकडाचा तानपुरा घ्यायचा म्हटलं तर झाडं पुरणार नाहीत, आणि चाचाही. आमच्या क्लासमध्ये तीस जण आहेत, त्यातले सव्वीस घरी मोबाइलच लावतात. बाईंनाही त्याचं काही वाटत नाही. मी एवढंच विचारलं की गेल्या पंधरा वर्षांत तुझ्या घरात किती मोबाइल झाले. त्यानं बोटं मोजली आणि विषय बदलला. पण मीही फार ताणलं नाही, कारण माझ्या घरातली संख्या त्याच्यापेक्षा जास्त होती.

खरं तर हिशोबच करायचा तर तो तानपुऱ्यापाशी सुरूही होत नाही. आमच्याकडची तबला वाजवणारी चार पोरं नवरात्रात गरब्याच्या बँडमध्ये वाजवतात. बडोद्याचा गरबा जिवंत गाऊन-वाजवून होतो याचा आम्हाला अभिमान, आणि असायलाही हवा. पण त्या मैदानांवरचे ध्वनिक्षेपक, दिवे, डिझेलचे जनरेटर आणि तिथे येणाऱ्या हजारो दुचाक्या यांच्यापुढे आमच्या भोपळ्याचं गणित म्हणजे समुद्रापुढे तांब्या. हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर तानपुरा दुरुस्त केला म्हणजे पर्यावरण वाचवलं असा समज व्हायचा.

नवरात्र त्या वर्षी ३ ऑक्टोबरला बसलं. एक विद्यार्थी कुटुंबासह सांगलीला निघाला होता. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर गोधड्यांत गुंडाळून मोठ्या तानपुऱ्याचे तीन तुकडे, आणि मी उन्हात तडकवलेला मधला, असे दोन्ही गेले. बाई म्हणाल्या, “खाँसाहेबांच्या वाटेनं चाललाय.” गायक अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारातून निघाले आणि शेवटी मिरजेचे झाले, त्यांच्या मुलीनं, हिराबाईंनी, नाव मात्र बडोदेकर लावलं. आमच्या गावात ही गोष्ट ज्याला-त्याला सांगायची असते.

मिरजेत वाद्यं करण्याची परंपरा शिकलगारांची. तलवारी घडवणारे आणि त्यांना पाणी देणारे हे लोक. एकोणिसाव्या शतकात संस्थानांतली शस्त्रांची मागणी आटली तशी त्यांचे हात सतार-तानपुऱ्याकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनानं भोपळा पिकत नाही. मधल्या तानपुऱ्याला नवा भोपळा हवा होता आणि चाचांनी सांगितलं, थांबावं लागेल.

हा भोपळा खायचा नव्हे. कडू, जाड सालीचा, चार-साडेचार फूट घेराचा. मंगळवेढा-पंढरपूर भागातले काही शेतकरी तो लावतात. वेल जमिनीवर पसरतो, फळ मातीवर टेकलेलं असतं, मग पूर्ण पिकून कित्येक महिने वाळावं लागतं. शेतात पाणी तुंबलं की खालून कुजतं. घेर मोठा, साल जाड आणि बूड सारखं गोल, असे भोपळे शंभरात थोडेच निघतात. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला तेव्हाची आठवण चाचांनी काढली. मंगळवेढ्याच्या शेतातलं फळ आणि बडोद्याच्या खोलीतला तानपुरा एकाच कारणानं सडावा, आणि दुरुस्तीला पुन्हा त्याच शेताकडे बघावं लागावं, हे मला त्या कॉलवर पहिल्यांदा सुचलं.

आणि तरीही साहित्य म्हणून भोपळ्याइतकी शहाणी निवड मला माझ्या सगळ्या नोकरीत दिसली नाही. तानपुऱ्याचा सर्वांत मोठा, सर्वांत नाजूक, सर्वांत आधी मोडणारा भाग एका हंगामाच्या वेलीवर येतो. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची, कर्नाटकातल्या जंगलातून येणारी, त्यामागे कित्येक वर्षांचं झाड. म्हणजे जे लवकर मोडतं ते लवकर उगवतं, आणि ज्याला उगवायला वेळ लागतो ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. चाचांनी निर्णयही तसाच घेतला. मधल्याची दांडी, खुंट्या, तबली तीच, भोपळा नवा. तिसऱ्या, चिरलेल्या तानपुऱ्याच्या दांडीचं लाकूड मिरजेला पाठवलं तर खुंट्यांना आणि पट्ट्यांना वापरीन, म्हणाले. तो पुन्हा वाजणार नाही, पण त्याचा काही भाग दुसऱ्या कुणाच्या वाद्यात असेल.

घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्याचा, प्रश्न निराळा निघाला. मोठ्या तानपुऱ्याची मूळ घोडी सांबरशिंगाची होती. तारेखाली शिंग कसं झिजतं आणि जवारी किती दिवस धरतं, याबद्दल जुने वादक तासभर बोलू शकतात. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सांबरशिंगाची खरेदी-विक्री आज चालत नाही, आणि भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीनं बंद झाला. पुरात ती घोडी एका कडेला फाटली होती. आता शिंगाऐवजी हाड, शिसवी, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. चाचांनी पांढऱ्या, कडक प्लास्टिकची घोडी बसवतो म्हटलं. हा पदार्थ मी ओळखतो. यंत्रांचे दाते त्याचेच होतात. बाई नाखूश होत्या. मी म्हटलं, बाई, सांबरापेक्षा आमचा माल बरा. तेव्हा हसल्या. जुनी घोडी आता त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी डबीत आहे. विकायची नाही, वापरायची नाही.

पाणी का आलं, याबद्दल माझ्या अहवालात एकच परिच्छेद आहे, कारण तो सगळ्या गावाला पाठ आहे. विश्वामित्रीच्या दोन्ही काठांना कोतरं होती, खोल घळी, पावसाळ्यात नदी त्यांत पसरायची. सखल रानं होती, तळी होती. आमच्या डोळ्यांदेखत ती भरत गेली आणि त्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. एकीत माझाही फ्लॅट आहे. बाई एकदा शिकवताना म्हणाल्या होत्या की भोपळा पोकळ आहे म्हणून सूर राहतो, भरीव असता तर नुसता ठोकळा. पुरानंतर चिखल उपसताना मला ते आठवलं आणि माझ्या सोसायटीचा पायाही आठवला. २०२५ च्या पावसाळ्याआधी शहरातल्या चोवीसेक किलोमीटरच्या पात्रात गाळ काढून नदी रुंद-खोल करण्याचं काम झालं. मगरींना सांभाळत, यंत्रं लावून. भरलेली कोतरं त्यानं परत आली नाहीत, तरी पात्राला थोडी जागा मिळाली.

मोठा तानपुरा डिसेंबरात परत आला. मधला फेब्रुवारीत, नव्या भोपळ्यासह. मोठ्यात काय बदललं हे मला सांगता येत नाही. जवारी थोडी अधिक उघडी वाटते, पण ते प्लास्टिकच्या घोडीमुळे की नव्या सरसामुळे की माझ्या कानामुळे, देव जाणे. मधल्याचा आवाज मात्र सरळ सरळ नवा आहे. कोवळा, जरा कोरडा. बाई त्यालाच रोज विद्यार्थ्यांकडून छेडून घेतात. वाजत राहिला की मोकळा होईल, म्हणतात, दोन-तीन वर्षांत.

क्लास वर हलवावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. बाईंचे गुडघे आणि निम्म्या विद्यार्थिनींचं वय पाहता ते जमणारं नव्हतं. मग इथल्या जुन्या घरांत छताला झोपाळ्याच्या कड्या असतात त्यांचा उपयोग झाला. आषाढ लागला की झोपाळा उतरवायचा आणि त्याच कड्यांना दोरानं एक फळी टांगायची. वर तानपुरे, पेटी, तबले, गादीत गुंडाळून. सकाळी क्लासला उतरवायचे, संध्याकाळी ओढून वर. दोर ओढायला दोन माणसं लागतात, म्हणून पावसाळ्यात कुणी एकट्यानं क्लासला यायचं नाही असा नियमच झाला आहे. भिंतीवरची चिखलाची रेघ बाईंनी रंगवू दिली नाही. फळी त्या रेघेपेक्षा दीड हात वर आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळी आणखी हातभर वर घ्यायला सांगितली. मी म्हटलं, मग उतरवताना तुमचा हात पोचणार नाही.

“माझा नको पोचायला. तुमचा पोचला म्हणजे झालं,” म्हणाल्या. मग झोपाळ्याच्या रिकाम्या जागेकडे बघत पुटपुटल्या, “श्रावणात मात्र पंचाईत आहे.”